चेतिय आणि संग्रहालय : नागपूरला जाणाऱ्या धम्मयात्रीसाठी

दरवर्षी अशोक विजयादशमीच्या पर्वावर आणि १४ ऑक्टोबरला यवतमाळ जिल्ह्यातील गावागावांतून उपासक-उपासिका नागपूरच्या दीक्षाभूमीस वंदन करण्यासाठी जातात. वणी, पांढरकवडा, राळेगाव, दारव्हा, आर्णी, पुसद, उमरखेड अशा सर्व तालुक्यांतून माणसे निघतात. स्तूपास वंदन होते, भिक्खुसंघाची प्रवचने ऐकली जातात, पुस्तकांच्या दुकानांतून वर्षभराचे वाचन पिशवीत भरले जाते आणि परतीची गाडी धरली जाते. हा क्रम आता तीन पिढ्यांचा झाला आहे. परंतु याच नागपूर शहरात व त्याच्या परिसरात बौद्ध संस्कृतीचे, विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचे आणि खुद्द बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनाचे साक्षीदार असलेले अवशेष संग्रहालयांतून जपून ठेवलेले आहेत, याची जाणीव आमच्यापैकी फार थोड्यांना असते. यात्रेला आणखी एक दिवस जोडावा, किंवा गर्दीचे दिवस टाळून मुलाबाळांसह वेगळी फेरी काढावी, आणि ही संग्रहालये अभ्यासपूर्वक पाहावीत, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

कोणते संग्रहालय कोठे आहे एवढेच सांगून हा विषय संपत नाही. संग्रहालयात बौद्धाने काय पाहावे, कोणत्या दृष्टीने पाहावे आणि पाहून झाल्यावर आपल्या गावी परतून काय करावे, हे तीन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. त्यांतील शेवटचा प्रश्न आम्हांला सर्वांत निकडीचा वाटतो.

चेतियाचे तीन प्रकार

कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत एक मार्मिक प्रसंग आहे. तथागत चारिकेसाठी बाहेर गेले असता जेतवनात फुले घेऊन येणाऱ्या उपासकांना वंदनासाठी स्थान उरत नसे. ती फुले गंधकुटीच्या दाराशी ठेवून ते परत जात. तेव्हा आनंदाने तथागतांना विचारले की, चेतिये किती प्रकारची असतात? तथागतांनी तीन प्रकार सांगितले. शरीरधातूंवर उभारलेले ते सारीरिक, वापरातील वस्तूंशी वा स्थानाशी संबंधित ते पारिभोगिक, आणि स्मरणासाठी उद्देशून केलेले ते उद्देसिक. सारीरिक चेतिय परिनिर्वाणापूर्वी होऊ शकत नाही. उद्देसिक चेतियाला वस्तूचा आधार नसून ते केवळ मनावर अवलंबून असते. म्हणून बोधिवृक्ष हाच योग्य, असे ठरले आणि जेतवनाच्या दाराशी बोधिवृक्ष लावला गेला. पुढील काळात यांच्या जोडीला धम्मचेतिय, म्हणजे बुद्धवचन धारण करणारे ग्रंथ व लेख, हा चौथा प्रकारही मानला जाऊ लागला.

ही वर्गवारी आजच्या संग्रहालयास फार उपयुक्त पडते. काचपेटीतील धातुकरंडक हा पहिल्या प्रकारात, महापुरुषाचा अंगरखा वा लेखणी दुसऱ्यात, बुद्धमूर्ती तिसऱ्यात आणि शिलालेख वा हस्तलिखित चौथ्या प्रकारात मोडते. तथागतांच्या संदर्भात सांगितलेली ही वर्गवारी इतर वस्तूंना लावताना आपण तिचा विस्तार करीत आहोत, हे मात्र ध्यानात ठेवावे. उद्देसिक चेतियाचा आधार मनात आहे, हे त्या कथेतील विधान तर विशेष महत्त्वाचे. मूर्ती कितीही प्राचीन असली तरी पाहणाऱ्याच्या मनात समज नसेल तर ती केवळ धातूचा वा दगडाचा तुकडा राहते.

विहारातील मूर्ती आणि संग्रहालयातील मूर्ती यांत फरक आहे. विहारात आपण त्रिसरण-पंचशील घेण्यासाठी बसतो. संग्रहालयात आपण विचारतो : ही कोणी घडविली, केव्हा घडविली, कोणाच्या दानातून घडविली, आणि येथे कशी आली? श्रद्धा आणि प्रज्ञा यांचा मेळ बसावा असे धम्म सांगतो. तेव्हा हे प्रश्न विचारण्यात कोणताही अनादर नाही. उलट मूर्तीस हात लावून तो कपाळी नेणे, फुले वाहणे, अगरबत्ती लावणे या गोष्टी संग्रहालयात टाळणे हाच खरा आदर होय. हाताच्या घामातील क्षार आणि तेल यांनी कांस्यावर डाग पडतात व ते गंजू लागते. धुराची काजळी दगडाच्या छिद्रांत शिरते. दोन हात अंतरावरून, हात जोडून, शांतपणे पाहावे.

मध्यवर्ती संग्रहालय : 'अजब बंगला'

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील मध्यवर्ती संग्रहालय १८६३ मध्ये स्थापन झाले. मध्य प्रांताचे तत्कालीन मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांचा त्यात पुढाकार होता. भारतातील जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. लोकांनी त्याला 'अजब बंगला' हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. आज ते महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे.

यवतमाळकरांचा या संग्रहालयाशी असलेला संबंध केवळ प्रवासी म्हणून नाही. वऱ्हाडचा कारभार १९०३ मध्ये मध्य प्रांताशी जोडला गेला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आमचा जिल्हा व नागपूर एकाच प्रशासनाखाली होते. त्या अर्थाने हे आमच्याही प्रांताचे संग्रहालय होते. आज मध्य प्रदेशात वा छत्तीसगडात असलेल्या स्थळांच्या वस्तू येथे का दिसतात, याचे उत्तरही याच जुन्या प्रांतरचनेत आहे. प्राणी, पक्षी, जीवाश्म, शस्त्रे, आदिवासी जीवन, चित्रे अशी निरनिराळी दालने येथे आहेत आणि मुलांचे मन प्रथम तेथेच रमते. त्यास हरकत नसावी. मात्र अभ्यासकाने पुरेसा वेळ पुरातत्त्व आणि शिल्प या विभागांसाठी राखून ठेवावा.

या संग्रहातील एका शिलापट्टाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड परिसरात देवटेक नावाचे गाव आहे. तेथे मिळालेल्या या शिळेवर दोन लेख आहेत. पहिला लेख प्राकृत भाषेत व अशोककालीन वळणाच्या ब्राह्मी लिपीत असून त्यात स्वामीच्या आज्ञेने प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केलेली आहे आणि ती मोडणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचे व्यासंगी संशोधक डॉ. वा. वि. मिराशी यांनी हा लेख सम्राट अशोकाच्या धर्ममहामात्राचा असावा असे मत मांडले. दुसरा लेख त्यानंतर सुमारे सहा शतकांनी, म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या शतकात, वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याच्या काळी त्याच शिळेवर कोरला गेला आणि त्यात त्याच्या धर्मस्थानाचा उल्लेख आहे.

या एका शिळेपासून शिकण्यासारखे बरेच आहे. पहिली गोष्ट अशी की, अहिंसेची राजाज्ञा मगधापुरती वा गिरनार-सोपाऱ्यापुरती मर्यादित नव्हती; वैनगंगेच्या खोऱ्यातील अरण्यप्रदेशापर्यंत अशा आज्ञा पोहोचत होत्या. दुसरी गोष्ट अशी की, जुनी अक्षरे झिजली, त्यांचा अर्थ लोकांना उमगेनासा झाला आणि एका नव्या राजवटीने त्याच दगडाचा आपल्या कामासाठी उपयोग केला. ज्या समाजाला आपला लेख वाचता येत नाही, त्याच्या लेखावर दुसऱ्याचा लेख कोरला जातो. म्हणून धम्मलिपी अर्थात ब्राह्मी लिपी शिकणे हा केवळ विद्वानांचा छंद नव्हे. तिची मूळ अक्षरे चाळिसाच्या आसपास आहेत. महिनाभर रोज अर्धा तास दिला तर आठवी-नववीतील मुलालाही ती ओळखू येतात. विहारांतून असे वर्ग चालविले आणि त्या वर्गाची सहल या शिळेपर्यंत नेली, तर त्या मुलांना मिळणारा आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

दुसरा महत्त्वाचा ठेवा म्हणजे रामटेकजवळील हमलापुरी येथे मिळालेल्या तीन कांस्य बुद्धमूर्ती. त्या वाकाटक काळातील, सामान्यतः इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आसपासच्या, मानल्या जातात. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी नंदिवर्धन रामटेकच्या परिसरात होती, तर दुसरी शाखा वत्सगुल्म म्हणजे आमच्या शेजारच्या वाशीम येथून राज्य करीत होती. याच वत्सगुल्म शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्खुसंघास दान दिले. वाकाटक राजे स्वतः बहुतांशी शैव वा वैष्णव होते. तरीही त्यांच्या राजधानीच्या परिसरात बुद्धमूर्तींची उपासना होत होती, हे हमलापुरीच्या मूर्ती सांगतात. अजिंठा हे एकाकी नवल नव्हते. विदर्भाच्या भूमीत उपासक होते, कारागीर होते आणि दानही होते, त्या पार्श्वभूमीवर अजिंठा उभे राहिले.

मूर्ती ओळखताना

शिल्पदालनात फिरताना बुद्धमूर्ती व तीर्थंकरमूर्ती यांत गल्लत होण्याचा संभव असतो. विदर्भात दोन्ही परंपरांचे अवशेष विपुल आहेत. म्हणून हा भेद नीट समजून घ्यावा. दोघेही पद्मासनात, शांत मुद्रेने, लांब कानांसह व कुरळ्या केसांसह दाखविले जातात. परंतु तीर्थंकराच्या छातीवर बहुधा श्रीवत्स हे चिन्ह असते, दिगंबर मूर्तीच्या अंगावर वस्त्र नसते, आणि आसनावर सिंह, वृषभ, सर्प अशी विशिष्ट लांछने असतात. बुद्धाच्या अंगावर चीवर असते. ते दोन्ही खांद्यांवरून घेतलेले असो वा उजवा खांदा उघडा ठेवून घेतलेले असो, त्याची कड मानेजवळ, छातीवर वा मनगटाजवळ दिसतेच. तीर्थंकर बसलेले असतील तर त्यांचे हात मांडीवर ध्यानस्थितीत असतात. बुद्धमूर्तीत ध्यानमुद्रेबरोबर भूमिस्पर्श, अभय, वरद आणि धम्मचक्रप्रवर्तन या मुद्राही आढळतात. डोक्यामागे नागफणा दिसला म्हणजे मूर्ती बुद्धाचीच, असे समजू नये. तीर्थंकर पार्श्वनाथांच्या मूर्तीवरही नागफणा असतो.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. गावाशेजारच्या टेकडीवर वा शेतात एखादी प्राचीन बैठी मूर्ती सापडली की घाईने ती बुद्धाची ठरविण्याचा मोह आपल्या बांधवांना होतो. त्याच्या उलट, खरोखरीच्या बुद्धमूर्तीस शेंदूर फासून तिला निराळेच नाव दिल्याची उदाहरणेही महाराष्ट्रात आहेत. दुसरी गोष्ट जितकी चुकीची, तितकीच पहिलीही चुकीची. सत्य आपल्या बाजूचे निघो वा न निघो, ते स्वीकारणे हे सम्यक् दृष्टीचे लक्षण होय. जो समाज पुराव्याच्या आधारे बोलतो, त्याचा दावा टिकतो.

पवनी आणि मनसर : उत्खननातून आलेले

अवशेष जमिनीतून संग्रहालयात कसे येतात हे समजावे म्हणून दोन स्थळांचा उल्लेख आवश्यक आहे. नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग हा विदर्भातील उत्खननांचा दीर्घकाळ आधार राहिला आहे. या विभागाचा स्वतःचा संग्रहही आहे. अभ्यासमंडळांनी आगाऊ परवानगी घेऊन तो पाहण्याचा प्रयत्न करावा. माहूरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड येथील महापाषाणीय वर्तुळांच्या उत्खननांमुळे विदर्भातील लोहयुगीन समाजाचे चित्र स्पष्ट झाले. तथागतांच्या काळाच्या मागेपुढे या भूमीत लोखंड गाळणारे, घोडे पाळणारे लोक राहत होते, हे त्यावरून कळते.

भंडारा जिल्ह्यातील वैनगंगाकाठच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये या विद्यापीठाने व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने मिळून उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडी आणि चांदकापूर येथे मौर्य-सातवाहन काळातील भव्य स्तूप, त्यांची वेदिका आणि दात्यांची नावे कोरलेले ब्राह्मी लेख उजेडात आले. तेथील एका शिल्पात पंचफणी नागाच्या छायेखाली रिकामे आसन दाखविलेले असून नागाचे नाव मुचलिंद असल्याचे तेथेच कोरलेले आहे. संबोधीनंतरच्या आठवड्यांत अवकाळी पावसापासून मुचलिंद नागाने तथागतांचे रक्षण केले, ही विनयपिटकातील कथा आपणांस परिचित आहेच. त्या काळी तथागतांची मानवाकृती न घडविता आसन, पदचिन्हे, बोधिवृक्ष, चक्र यांद्वारे त्यांचे अस्तित्व सूचित केले जाई. पवनीचे रिकामे आसन आणि हमलापुरीची कांस्यमूर्ती यांत सहा-सात शतकांचे अंतर आहे. ही दोन उदाहरणे मनात शेजारी शेजारी ठेवली तर बौद्ध कलेचा प्रवास विदर्भाच्याच भूमीवर समजून घेता येतो; त्यासाठी मथुरा-गांधारपर्यंत जाण्याची गरज पडत नाही.

रामटेकजवळच्या मनसरचे उदाहरण निराळे. तेथे १९९७-९८ पासून बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्राच्या वतीने जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले आणि विटांची विशाल वास्तू प्रकट झाली. भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांचे परिश्रम त्यामागे होते. उत्खननकर्त्यांनी तेथील काही बांधकाम बौद्ध विहाराचे व स्तूपाचे मानले. डच संशोधक हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मात्र ते वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचे प्रवरपूर व तेथील शिवमंदिर असल्याचे प्रतिपादन केले. याच मनसर येथे १९७२ मध्ये मिळालेली सुप्रसिद्ध शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एका जागी निरनिराळ्या काळी निरनिराळ्या उपासनापद्धती नांदू शकतात, हेही विसरता येत नाही. आमच्या तरुण अभ्यासकांनी या प्रकरणात दोन्ही बाजूंचे लेखन वाचावे, स्थळ प्रत्यक्ष पाहावे, विटांचे आकार, मुद्रालेख आणि थरांचा क्रम ध्यानात घ्यावा आणि मगच मत बनवावे. मतभेद असलेल्या ठिकाणी मतभेद आहेत असे सांगण्यात कमीपणा नाही.

चिचोलीचे शांतिवन

नागपूर शहराबाहेर फेटरीजवळ चिचोली येथे शांतिवन आहे. १९५६ च्या धम्मदीक्षा समारंभाच्या संयोजनात अग्रभागी असलेले वामनराव गोडबोले यांनी येथे बाबासाहेबांच्या वस्तूंचे संग्रहालय उभे केले. बाबासाहेबांचे निकटचे सहायक नानकचंद रत्तू यांनी जपून ठेवलेल्या वस्तू त्यांच्याकडे सोपविल्या. बाबासाहेबांचे पोशाख, लेखनसाहित्य, टंकलेखन यंत्र अशा वस्तूंचा त्यांत समावेश आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे हस्तलिखित टंकलिखित करण्याचे काम रत्तू यांनीच केले होते, आणि तो ग्रंथ महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे माहीत असले म्हणजे टंकलेखन यंत्रासमोर उभे राहण्याचा अर्थ बदलतो. प्रकृती ढासळत असता रात्री-अपरात्री चाललेल्या त्या लेखनाचे कष्ट मनासमोर उभे राहतात.

ही वस्तुजात पारिभोगिक प्रकारची आहे आणि नेमक्या याच ठिकाणी सावधपणा हवा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती व विभूतिपूजा यांविषयी देशाला स्पष्ट इशारा दिला होता. त्यांचा अंगरखा पाहून डोळे पाणावणे स्वाभाविक आहे. परंतु अंगरख्याला पूजेची वस्तू करून आपण तेथेच थांबलो, तर त्यांच्या इशाऱ्याचा विसर पडला असे होईल. लेखणी पाहून घरी परतल्यावर त्या लेखणीने लिहिलेला एखादा ग्रंथ उघडला जावा. दर्शनाचे फळ तेथे मिळते.

कापड, कागद आणि चामडे यांना दगडाचे आयुष्य नसते. उन्हातील तीव्र किरण, पावसाळ्यातील दमट हवा, कसर, वाळवी आणि बुरशी हे त्यांचे शत्रू. विदर्भातील उन्हाळा कोरडा व कडक, तर पावसाळा दमट. या चढउताराने तंतू आकुंचन-प्रसरण पावून तुटतात. म्हणून अशा दालनांत प्रकाश मंद ठेवावा लागतो, छायाचित्रणास मनाई असू शकते आणि काही वस्तू जतनप्रक्रियेसाठी वेळोवेळी दालनातून हलवाव्या लागतात. एखादी वस्तू दिसली नाही तर तक्रारीचा सूर न लावता चौकशी करावी. चिचोलीप्रमाणेच पुण्यात सिम्बायोसिस संस्थेच्या संग्रहालयात माईसाहेब आंबेडकरांनी सोपविलेल्या वस्तू आहेत. चैत्यभूमीस जाणाऱ्यांना दादरचे राजगृह अर्थातच ठाऊक आहे.

धातू कोणाचे?

सारीरिक चेतियाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सांची व परिसरातील स्तूपांतून १८५१ मध्ये कनिंगहॅम व मेसी यांना सारिपुत्त आणि मोग्गल्लान या अग्रश्रावकांचे धातू मिळाले. पुढे ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राहिले. बौद्ध जगताच्या मागणीनंतर १९४७ मध्ये ते परत दिले गेले आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात त्यांची विधिपूर्वक प्रतिष्ठापना झाली. पिपरहवा येथे १८९८ मध्ये स्तूपातून निघालेल्या रत्नांचा एक भाग उत्खनन करणाऱ्या पेप्पे यांच्या वंशजांकडे राहिला होता. तो मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे लिलावात निघणार होता. भारत सरकारच्या व बौद्ध समाजाच्या आक्षेपानंतर तो लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परत आली. शाक्यमुनींच्या अस्थींसोबत श्रद्धेने ठेवलेले दान बाजारात किंमत लावून विकले जावे काय, हा प्रश्न त्या निमित्ताने साऱ्या जगापुढे आला.

महाराष्ट्रातील सोपारा स्तूपाचे उदाहरणही असेच बोलके आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले. दगडी करंडकात एकात एक ठेवलेल्या करंड्या, आठ कांस्य बुद्धमूर्ती, सुवर्णपुष्पे, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि भिक्षापात्राचे मानले गेलेले मृत्खंड मिळाले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. याच सोपाऱ्याच्या परिसरात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, सापडला. सोपाऱ्याचा अशोकलेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतो. ६ डिसेंबरला मुंबईस जाणाऱ्या बांधवांनी त्यासाठी एक दुपार अवश्य राखून ठेवावी.

आमच्या पेट्या, आमची गावे

आता शेवटचा प्रश्न. संग्रहालये पाहून परतल्यावर काय? १९५६ मध्ये जे पंधरा वर्षांचे होते, ते आज पंचाऐंशीच्या घरात आहेत. शुभ्र वस्त्रे परिधान करून दीक्षेसाठी नागपूरला गेलेल्या माणसांची ती शेवटची फळी आहे. कोणाच्या घरी लोखंडी पेटीच्या तळाशी तेव्हाचे पांढरे लुगडे असेल, कोणाकडे समता सैनिक दलाचा वा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा कागद, कोणाकडे जुने 'प्रबुद्ध भारत', हस्तपत्रक, जलशाच्या गाण्यांची वही वा विहाराच्या पायाभरणीचे छायाचित्र. म्हातारे माणूस गेले की घर झाडताना या वस्तू रद्दीत जातात. देवटेकच्या शिळेवरील अक्षरे झिजण्यास शतके लागली. आपल्या पेटीतील कागदास एक पावसाळा पुरेसा आहे.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील गोष्टी प्रत्येक विहारास करता येतील.

एक, नोंदवही घालावी. वस्तू काय, कोणाची, कोणत्या गावची, कोणी केव्हा दिली, तिच्याशी निगडित हकिकत काय, हे पाच रकाने पुरेत. नोंद नसलेली वस्तू काही वर्षांनी मुकी होते.

दोन, जुन्या कागदावर चिकटपट्टी लावू नये, तो प्लास्टिकमध्ये वितळवून बंद करू नये, त्याला सुई वा टाचणी टोचू नये. तो सपाट ठेवून मऊ, स्वच्छ, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळावा आणि भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवावा. छायाचित्रामागे शाईने न लिहिता मऊ शिसपेन्सिलीने हलकेच लिहावे. मूळ प्रत हाताळावी लागू नये म्हणून तिची छायाप्रत काढून ती वाचनासाठी ठेवावी.

तीन, वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. प्रारंभी दिनांक, गाव व सांगणाऱ्याचे नाव नोंदवावे आणि त्यांची संमती घ्यावी. ऐकणाऱ्याने आपली मते मध्ये घालू नयेत.

चार, शेतात, नदीपात्रात वा विहीर खोदताना प्राचीन मूर्ती, नाणी वा लेख मिळाल्यास ते घासूनपुसून चकचकीत करू नयेत, रंग देऊ नये व जागेवरून घाईने हलवू नयेत. ज्या थरात वस्तू असते, तो थरही पुरावाच असतो. १८७८ च्या भूमिगत निधीविषयक कायद्यानुसार अशा वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांस देणे आवश्यक आहे आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ठरावीक पुरावस्तूंची नोंदणी करावी लागते. वर्धा नदीपलीकडे भद्रावतीची विजासन लेणी आमच्या वणी तालुक्यापासून फार दूर नाहीत. अशा परिसरात काही सापडणारच नाही असे मानणे धाडसाचे ठरेल.

प्रवासाविषयी थोडे

यवतमाळहून नागपूर रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. पहाटे निघून सकाळी मध्यवर्ती संग्रहालय व दुपारी चिचोली असा क्रम एका दिवसात बसू शकतो. विद्यापीठाचा संग्रह आणि रामटेक-मनसर यांसाठी दुसरा दिवस ठेवावा. सोमवारी शासकीय संग्रहालये बहुधा बंद असतात आणि दुरुस्तीसाठीही दालने अधूनमधून बंद राहतात. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी. दसऱ्याच्या आगेमागे शहरात लाखोंची गर्दी असते. अभ्याससहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. विद्यार्थ्यांच्या हाती वही द्यावी आणि प्रत्येकाने एकच वस्तू निवडून तिच्यासमोर पंधरा मिनिटे बसावे, तिचे रेखाटन करावे, फलकावरील मजकूर उतरवून घ्यावा, असे सांगावे. शंभर वस्तूंवरून नजर फिरविण्यापेक्षा एक वस्तू नीट पाहिलेली बरी.

सर्व संस्कार अनित्य आहेत, हे आम्ही रोज म्हणतो. परंतु अनित्यता हे निष्काळजीपणाचे समर्थन नव्हे. तथागतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा होता. येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने निदान एक नोंदवही घालावी आणि गावातील सर्वांत वयोवृद्ध उपासक-उपासिकेपासून तिचा प्रारंभ करावा, अशी आमची विनंती आहे.